प्रस्तावना : नळीत उशीर, शिरेत घाई

‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट : प्रेझेंट’. लॅबच्या रिपोर्टवर एवढीच ओळ असते. तो कागद घरी जातो, घरातलं कुणीतरी मोबाइलवर शोधाशोध करतं, आणि चहा गार व्हायच्या आत दोन समजुती पक्क्या होतात. एक, आपल्याला ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, झाला. दोन, आपलं रक्त पातळ आहे, तेव्हा आता जपायचं ते रक्त वाहण्यापासून. बहुतेक वेळा दोन्ही चुकीच्या असतात. ल्युपस अँटिकोॲग्युलंट म्हणजे एक प्रकारची प्रतिपिंडं. ज्यांच्या रक्तात ती सापडतात त्यांतल्या पुष्कळांना ल्युपस नसतो, पुढे होतही नाही. आणि धोका असतो तो रक्त वाहण्याचा नव्हे, नको तिथे गोठण्याचा : पिंढरीच्या खोल शिरेत, फुप्फुसात, मेंदूच्या धमनीत, आणि बाई गरोदर असेल तर वारेत.

हा घोटाळा घरापुरता राहिला असता तर एवढं जाडजूड पुस्तक काढायची गरज नव्हती. तो वॉर्डातही होतो. टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी मुलाचा एपीटीटी, म्हणजे नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ, लांबलेला येतो आणि ऑपरेशन पुढे ढकललं जातं. सर्दी-तापानंतर लहान मुलांत काही आठवडे ही प्रतिपिंडं येऊन जातात, बहुतेक वेळा काहीही न करता, हे अनेकांना ठाऊक नसतं. २०२० च्या वसंतात हाच प्रश्न जगभरच्या अतिदक्षता विभागांत उभा राहिला. कोविडचे रुग्ण फुप्फुसातल्या गुठळ्यांनी जात होते आणि त्यांतल्या कित्येकांचा एपीटीटी मात्र लांबलेला दिसत होता. गोठण रोखणारं हेपारिन द्यायचं की थांबवायचं? लंडनमधल्या डॉक्टरांनी २१६ रुग्णांची आकडेवारी प्रसिद्ध केली. ४४ जणांचा एपीटीटी लांबला होता. त्यांतल्या ज्या ३४ जणांची ल्युपस अँटिकोॲग्युलंटची चाचणी झाली, त्यांपैकी ३१ पॉझिटिव्ह निघाले. त्यांचा निष्कर्ष सरळ होता : एवढ्या कारणावरून हेपारिन रोखू नका. तीव्र आजारात वाढणारं सीआरपी हे प्रथिन काही चाचण्यांना फसवतं, तेव्हा त्या ३१ जणांपैकी खरे पॉझिटिव्ह किती, यावर नंतर बराच काथ्याकूट झाला. पण सल्ला योग्यच होता.

या विषयाकडे जायची वाट चाचणीतून जाते, असं माझं मत आहे. एरवी आपण आधी रोग समजून घेतो आणि मग त्याच्या तपासण्या पाहतो. इथे तो क्रम उपयोगाचा नाही. या विषयाचा जवळजवळ सगळा इतिहास एका चाचणीने भलतंच उत्तर देण्याचा आणि त्या भलत्या उत्तरामागे लागून काहीतरी खरं सापडण्याचा आहे.

पहिली फसगत झाली ती गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या चाचणीत. १९०६ मध्ये बर्लिनला ऑगस्ट वासरमान, अल्बर्ट नायसर आणि कार्ल ब्रुक यांनी ती चाचणी आणली. जन्मतःच सिफिलिस झालेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क ते वापरत. अर्कात जंतू असतात आणि रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं त्या जंतूंवर तुटून पडतात, असा त्यांचा हिशेब. थोड्याच वर्षांत लक्षात आलं, की निरोगी प्राण्याच्या हृदयाचा अर्कही तितकाच चालतो. म्हणजे प्रतिक्रिया जंतूशी नव्हतीच. १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून तो पदार्थ वेगळा काढला, तो एक स्निग्ध पदार्थ निघाला आणि त्याचं नाव पडलं कार्डिओलिपिन. आज आपल्याकडे गरोदर बाईची व्हीडीआरएल करतात ती याच कार्डिओलिपिनवर चालते.

त्या काळात अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी लग्नाआधी ही रक्ततपासणी सक्तीची केली होती, आणि महायुद्धात सैन्यभरतीच्या वेळीही ती सर्रास होत असे. एवढ्या प्रमाणावर निरोगी माणसं तपासली गेल्यावर चाचणीचे दोषही उघडे पडले. ज्यांना हा आजार कधी झालाच नव्हता अशांच्या कपाळी त्याचा शिक्का बसू लागला. १९४९ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या नेल्सन आणि मेयर यांनी थेट जिवंत जंतू वापरणारी चाचणी काढली, तेव्हा खरे आणि खोटे पॉझिटिव्ह वेगळे करता आले. मग १९५२ मध्ये मूर आणि मोर यांनी या ‘खोट्या’ माणसांचा नीट पाठपुरावा केला. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं खोटे पॉझिटिव्ह राहणाऱ्यांत बायका जास्त होत्या, आणि त्यांतल्या काहींना पुढे ल्युपस होत होता. संसार मोडायला पुरेसा असलेला तो चुकीचा शेरा निव्वळ चुकीचा नव्हता, तर दुसऱ्याच आजाराची खूण होता. आजही एखाद्या बाईची व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आणि सिफिलिसच्या जंतूवरची टीपीएचए निगेटिव्ह आली, तर नवऱ्याला बाहेर बोलावून कानात काही सांगण्याआधी डॉक्टरांनी ही गोष्ट आठवावी.

त्याच वर्षी, म्हणजे १९५२ मध्ये, त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये, कॉन्ली आणि हार्टमन यांनी ल्युपसच्या दोन रुग्णांबद्दल लिहिलं. त्यांच्या रक्तात गोठण रोखणारं काहीतरी फिरत होतं आणि त्यांना रक्तस्राव होत होता. इथून या पदार्थाकडे रक्तस्रावाचं कारण म्हणून पाहायची सवय लागली ती लवकर सुटली नाही. रक्तस्राव क्वचित होतो हे खरं आहे. सोबत प्रोथ्रॉम्बिन कमी पडलं किंवा प्लेटलेट फारच घटल्या तर होतो. पण तो अपवाद आहे. १९५७ मध्ये स्वीडनच्या मालमोमध्ये लॉरेल आणि इंगा मारी निल्सन यांनी दोन धागे जोडले : गोठण रोखणारा पदार्थ आणि वासरमान चाचणी खोटी ठरवणारा पदार्थ हे एकमेकांचे सख्खे असावेत, कारण दोघंही फॉस्फोलिपिडला चिकटतात. १९६३ मध्ये मेयो क्लिनिकच्या बोवी आणि सहकाऱ्यांनी त्यातली खरी विसंगती दाखवली. ज्यांचं रक्त नळीत उशिरा गोठतं, त्यांच्याच शिरांमध्ये गुठळ्या सापडत होत्या.

बोवी यांचा हा निबंध छापून आला आणि जवळपास वीस वर्षं त्याने फारसं काही हललं नाही. १९७२ मध्ये फाइनस्टाइन आणि रॅपापोर्ट यांनी ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट’ हे नाव रूढ केलं, म्हणजे ज्या दोन गैरसमजांनी मी सुरुवात केली त्या दोन्हींवर अधिकृत मोहोर उठली. १९७५ मध्ये निल्सन यांनीच गर्भाशयातल्या मृत्यूशी याचा संबंध दाखवला. १९८० मध्ये सुलिए आणि बोफा यांनी पुन्हापुन्हा होणारे गर्भपात, गुठळ्या आणि हे अँटिकोॲग्युलंट यांचं त्रिकूट फ्रेंचमध्ये मांडलं. गुप्तरोगतज्ज्ञ आपली मासिकं वाचत होते, रक्तविकारतज्ज्ञ आपली, स्त्रीरोगतज्ज्ञ आपली. पेशंट मात्र एकच होती, आणि ती तिन्ही ओपीडीत वेगवेगळे केसपेपर काढत होती.

ते केसपेपर एकत्र आले लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये. १९८३ मध्ये ग्रॅहम ह्यूज यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये गुठळ्या, गर्भपात, मेंदूचे विकार आणि ल्युपस अँटिकोॲग्युलंट यांचं एकच चित्र रेखाटलं, आणि त्याच वर्षी त्यांच्याकडच्या नायजेल हॅरिस, अझीझ घरावी प्रभृतींनी कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडं मोजायची, व्हीडीआरएलपेक्षा कितीतरी संवेदनशील पद्धत लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केली. माझ्या मते दुसऱ्या निबंधाने पहिल्याला पाय दिले. ल्युपस अँटिकोॲग्युलंटची चाचणी हाताने, ताज्या रक्तावर, अनुभवी माणसाने करायची. ही नवी पद्धत मात्र गोठवलेल्या सीरमवर शेकड्याने करता येत होती. दशकभरात अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजेच एपीएस, हा स्वतंत्र आजार म्हणून मान्य झाला. ल्युपसशिवायही तो होतो हे कळलं. युरोपातल्या तेरा देशांतल्या १,००० रुग्णांची नोंद झाली तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना ल्युपस किंवा तसा दुसरा आजार नव्हता, आणि ८२ टक्के बायका होत्या.

आता थोडं लॅबच्या टेबलापाशी यायला हवं, कारण पुढचं सगळं तिथे अडतं. रक्त गोठवणारी प्रथिनं नुसती रक्तात तरंगत राहून फारसं काही करू शकत नाहीत. त्यांना एकत्र यायला फॉस्फोलिपिडचा पृष्ठभाग लागतो, स्वयंपाकाला ओटा लागतो तसा. शरीरात तो चेतवलेल्या प्लेटलेट पुरवतात. नळीत तो अभिकर्मकातून आपण घालतो, आणि मुद्दाम अगदी तोकडा घालतो. रुग्णाच्या रक्तात ल्युपस अँटिकोॲग्युलंट असेल तर ती प्रतिपिंडं तो तोकडा ओटा अडवतात, गोठवणाऱ्या प्रथिनांना जागा उरत नाही, आणि घड्याळ पुढे सरकत राहतं. मग निरोगी माणसाचा प्लाझ्मा समभाग मिसळून पाहायचं. एखाद्या घटकाची नुसती कमतरता असेल तर ती भरून निघते आणि वेळ ताळ्यावर येतो. प्रतिपिंडं असतील तर येत नाही. शेवटी फॉस्फोलिपिड भरपूर घालायचं. अडवायला प्रतिपिंडं पुरत नाहीत आणि रक्त पटकन गोठतं. गाळणी, मिसळण, खातरजमा, अशा या तीन पायऱ्या आहेत. यातली एकही गाळली तर त्या रिपोर्टला अर्थ नाही.

आणि हे सगळं सॅम्पल नीट आलं तर. निळ्या झाकणाची, सोडियम सायट्रेटची नळी खुणेपर्यंत भरलेली हवी. प्लाझ्मा दोनदा फिरवायला हवा, म्हणजे त्यात प्लेटलेट उरत नाहीत. आता असं समजा, की तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर दुपारी रक्त घेतलं, एकदाच फिरवलं, गोठवलं आणि रात्रीच्या गाडीने शहरात पाठवलं. गोठून वितळताना उरलेल्या प्लेटलेट फुटतात, त्यांतलं फॉस्फोलिपिड बाहेर पडतं, आणि प्रतिपिंडं त्यालाच चिकटून खपतात. चाचणी निगेटिव्ह येते. कुणी खोटं बोललेलं नसतं. कोरा रिपोर्ट घेऊन ती बाई घरी जाते आणि पुढल्या खेपेला पुन्हा तिच्या पोटातलं बाळ जातं. मशीन लाखो रुपयांचं आहे म्हणून आमच्या लॅबवर विश्वास ठेवा, असं म्हणणाऱ्यांना मी आधी सेंट्रिफ्यूजची खोली दाखवा म्हणतो.

या चाचण्यांपैकी सर्वांत भरवशाची मानली जाते ती डीआरव्हीव्हीटी, आणि तिचा महाराष्ट्राशी असलेला धागा सांगायचा मोह मला आवरत नाही. या आद्याक्षरांतला ‘आरव्ही’ म्हणजे रसेल्स वायपर. म्हणजे आपली घोणस. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले स्कॉटिश वैद्य पॅट्रिक रसेल यांनी १७९६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचं नाव या सापाला मिळालं. भाताच्या नि उसाच्या शेतात घोणस चावलेला माणूस आपल्या ग्रामीण रुग्णालयात आला, की काचेच्या स्वच्छ नळीत त्याचं रक्त वीस मिनिटं ठेवून पाहतात. ते गोठलं नाही तर विष भिनलं. कारण हे विष दहाव्या घटकाला थेट पेटवतं, अंगभर गोठण सुरू होते आणि गोठवायचा कच्चा मालच संपून जातो. १९३४ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयातले ग्विन मॅकफार्लेन आणि लंडन प्राणिसंग्रहालयातले बर्जेस बार्नेट यांनी हेच विष अतिशय पातळ करून रक्तस्राव थांबवायला वापरलं, हिमोफिलियाच्या रुग्णांत. पुढे १९६४ मध्ये याच मॅकफार्लेननी रक्त गोठण्याच्या साखळीची ती प्रसिद्ध मांडणी केली, जी वैद्यकीचा प्रत्येक विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतो. १९८६ मध्ये त्यागराजन, पेंगो आणि शपिरो यांनी पातळ विष आणि तोकडं फॉस्फोलिपिड वापरून ल्युपस अँटिकोॲग्युलंट पकडायची चाचणी तयार केली. विष साखळीच्या मधल्या कडीवरच घाव घालतं, त्यामुळे वरच्या कड्यांतल्या कमतरता निकालात लुडबुड करत नाहीत. हाफकिनमध्ये ज्या विषावर उतारा तयार होतो, तेच विष थोड्या अंतरावरच्या लॅबमध्ये अभिकर्मकाच्या छोट्या बाटलीतून येतं.

नळीत उशीर का होतो ते ओट्याने समजतं. शिरेत घाई का होते ते एवढं सोपं नाही. १९९० मध्ये सिडनी, मास्ट्रिख्ट आणि जपान इथल्या तीन गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवलं, की ही प्रतिपिंडं मुळात स्निग्ध पदार्थावर नाहीतच. ती बीटा-टू-ग्लायकोप्रोटीन-वन नावाच्या, रक्तात मुबलक असलेल्या प्रथिनावर आहेत. हे प्रथिन एरवी वेटोळं करून असतं. पृष्ठभागाला चिकटलं की उलगडतं, आणि उलगडल्यावर त्याचा जो भाग उघडा पडतो त्यावर प्रतिपिंड बसतं. सिफिलिसमधली प्रतिपिंडं बहुतांशी थेट कार्डिओलिपिनला चिकटतात, त्यांना हे प्रथिन लागत नाही. म्हणून त्या रुग्णांना गुठळ्या होत नाहीत. पन्नास वर्षं एकाच पिशवीत कोंबलेल्या दोन गोष्टी इथे वेगळ्या झाल्या. प्रतिपिंड आणि प्रथिनाची ही जोडगोळी रक्तवाहिनीच्या अस्तरावर, प्लेटलेटवर, पांढऱ्या पेशींवर बसून त्यांना चेतवते. रक्तातली पूरक प्रथिनांची यंत्रणाही त्यात ओढली जाते. पण हे रोज होत नाही. प्रतिपिंडं वर्षानुवर्षं गप्प बसलेली असतात आणि दुसरा धक्का मिळाला की घात करतात. ऑपरेशन, बाळंतपण, जंतुसंसर्ग, सिगारेट, गर्भनिरोधक गोळ्या. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात पन्नाशीच्या आतल्या बायकांत ल्युपस अँटिकोॲग्युलंट असल्यास मेंदूतल्या अडथळ्याच्या झटक्याची शक्यता सुमारे ४३ पट आढळली, आणि सोबत गोळ्या चालू असतील तर सुमारे २०० पट. अशा बायकांची संख्या लहान होती, त्यामुळे हे आकडे तंतोतंत धरू नयेत. दिशा मात्र स्पष्ट आहे. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे सणावाराला, यात्रेला सहज घेतल्या जातात. सर्व गोळ्यांचा धोका सारखा नसतो, पण कुटुंबात किंवा स्वतःला गुठळीचा इतिहास असेल तर केमिस्टच्या काउंटरवर हा निर्णय होऊ नये.

वारेतलं कोडं आणखी वेगळं. आधी समजूत होती, की वारेत गुठळ्या होतात आणि बाळाचा पुरवठा तुटतो. पण अनेक वारांत गुठळ्या सापडेनात. आता दिसतं ते असं, की प्रतिपिंडं वारेच्या पेशींनाच नीट रुजू देत नाहीत आणि तिथे दाह पेटवतात. उपचार मात्र सिद्धांताची वाट पाहत थांबले नाहीत. १९९७ मध्ये लंडनच्या राज राय आणि सहकाऱ्यांनी पुन्हापुन्हा गर्भपात झालेल्या, ही प्रतिपिंडं असलेल्या नव्वद बायकांना दोन गटांत विभागलं. नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्क्यांना जिवंत बाळ झालं, ॲस्पिरिन आणि हेपारिन मिळून ७१ टक्क्यांना. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही, तरी रोज पोटात टोचायची ती सुई आज असंख्य घरांच्या परिचयाची आहे.

या क्षेत्रात घराणी आहेत आणि ती आपापसांत भांडतात. पहिलं घराणं लॅबवाल्यांचं. त्यांना नियम हवेत : किती पायऱ्या, किती आठवड्यांनी पुन्हा, कोणतं औषध चालू असताना चाचणी करू नये. ल्युपस अँटिकोॲग्युलंट हा गुठळीचा सर्वांत प्रबळ इशारा आहे आणि नुसतं कार्डिओलिपिन किंचित वाढलेलं असणं म्हणजे फारसं काही नाही, हे त्यांनी पटवून दिलं. इटलीच्या व्हिटोरिओ पेंगो यांच्या गटाने तिन्ही चाचण्या (ल्युपस अँटिकोॲग्युलंट, कार्डिओलिपिनविरोधी आणि बीटा-टू-ग्लायकोप्रोटीन-वनविरोधी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह असलेल्या १६० रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा दहा वर्षांत सुमारे ४४ टक्क्यांना पुन्हा गुठळी झालेली दिसली. दुसरं घराणं ह्यूज यांच्या परंपरेतल्या संधिवाततज्ज्ञांचं. ते म्हणतात, माणूस बघा : अर्धशिशी, विसरभोळेपणा, कातडीवर निळसर जाळी, घटलेल्या प्लेटलेट. चाचण्या निगेटिव्ह असल्या तरी चित्र तेच असेल तर आजार तोच. या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्याच्या आडोशाने नको तितक्या लोकांना जन्मभराच्या गोळ्या लागतात, असं माझं स्पष्ट मत आहे. तिसरं घराणं स्त्रीरोगतज्ज्ञांचं. त्यांच्यापुढे बसलेल्या जोडप्याला ‘बारा आठवडे थांबा, मग पुन्हा तपासू’ हे ऐकवत नाही. चौथं, अगदी अलीकडचं, म्हणतं की हा मुळात गोठण्याचा आजारच नाही, प्रतिकारशक्तीचा आहे. नुसती गोठण थांबवून भागणार नाही. काही दिवसांत एकाच वेळी अनेक अवयव निकामी करणारा त्याचा भयंकर प्रकार, ज्याचं वर्णन रोनाल्ड ॲशरसन यांनी १९९२ मध्ये केलं आणि जो शंभरात एकाहूनही कमी रुग्णांत दिसतो, तो या चौथ्या मताला बळ देतो.

भांडण सर्वांत तापलं ते २०२३ मध्ये. १९९९ चे सापोरो निकष, मग २००६ चे सिडनी निकष, अशी परंपरा होती : एक लक्षण, आणि काही आठवड्यांच्या (सापोरोत सहा, सिडनीत बारा) अंतराने दोनदा पॉझिटिव्ह चाचणी. अमेरिका आणि युरोप इथल्या संधिवात संघटनांनी मिळून काढलेल्या नव्या निकषांत गुण द्यायची पद्धत आली. चुकून आत येणारे जवळपास संपले. विशिष्टता ८६ वरून ९९ टक्क्यांवर गेली. पण संवेदनशीलता ९९ वरून ८४ वर उतरली. दहा आठवड्यांआधी लागोपाठ तीन गर्भपात झालेल्या बाईला आता नुसत्या त्यावर एकच गुण मिळतो, आणि हवे असतात किमान तीन. म्हणजे काल जिला एपीएस होता तिला आज कागदोपत्री नाही. निकष करणारे सांगतात, की हे संशोधनासाठी आहेत, ओपीडीसाठी नव्हेत. बरोबरच आहे. पण ओपीडीत टेबलावर दुसरा कुठला कागद असतो? या एका प्रश्नावर या संग्रहात दोन लेखांनी एकमेकांविरुद्ध बाजू घेतली आहे, आणि संपादकांनी त्यांच्यात समेट घडवला नाही याचं मला बरं वाटलं.

आत्ताच हे पुस्तक का, याचं एक कारण औषधांत आहे. एपीएसमध्ये गुठळी होऊन गेलेल्या माणसाला सहसा बराच काळ, बहुधा कायम, वॉरफरिन किंवा आपल्याकडे जास्त चालणारी असिट्रॉम घ्यावी लागते, आणि आयएनआर, म्हणजे गोठण किती लांबली याचं माप, दोन ते तीनच्या दरम्यान ठेवावा लागतो. हा व्याप सांभाळणाऱ्यालाच कळतो. श्रावणात अळू-शेपू-मेथी वाढली की आयएनआर खाली येतो, दाताच्या डॉक्टरने अँटिबायोटिक दिलं की वर जातो, आणि तपासणीची सोय कुठे चाळीस किलोमीटरवर. त्यामुळे तपासणी नको, पथ्य नको, अशा नव्या गोळ्या आल्या तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं. मग २०१८ मध्ये इटलीतल्या चाचणीचे निकाल आले. तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असलेल्या १२० रुग्णांत रिव्हारोक्साबॅन ही नवी गोळी आणि वॉरफरिन यांची तुलना चालू होती आणि ती मध्येच थांबवावी लागली. रिव्हारोक्साबॅनच्या गटात १२ टक्क्यांना पुन्हा गुठळीचा त्रास झाला, सगळा धमन्यांतला, म्हणजे मेंदूचा आणि हृदयाचा झटका. वॉरफरिनच्या गटात एकालाही नाही. इतरांना बिनधास्त देता येणारी गोळी यांतल्या काहींना घातक ठरते. आणि गंमत अशी, की ती गोळी चालू असताना डीआरव्हीव्हीटी केली तर ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे ज्याला ती गोळी द्यायची नाही त्याला ओळखायची चाचणी गोळी सुरू करण्याआधीच करायला हवी, आणि आपल्याकडे नेमकी ती नंतर आठवते.

दुसरं कारण आपल्या भाषेतलं. मुंबईत केईएमच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी गुठळ्यांच्या विकारांवर काम होतं, आपले डॉक्टर परदेशी नियतकालिकांत लिहितात. मराठीत मात्र या आजाराबद्दल आजवर वाचायला मिळतं ते बहुधा औषधाच्या पाकिटातल्या चिठ्ठीइतकं. एपीएस दुर्मीळ आहे, पण तितका नाही. मिनेसोटातल्या ओल्मस्टेड काउंटीत लाखामागे सुमारे पन्नास जण सापडले. तो आकडा जसाच्या तसा आपल्याला लावता येणार नाही, पण तरुणपणी झटका आलेला माणूस आणि तीन बाळंतपणं वाया गेलेली बाई कोणत्या तालुक्यात नाही?

या संग्रहाने जे अंगावर घेतलं ते सोपं नव्हतं. वाचक तीन तऱ्हेचा आहे : आजारी माणूस आणि त्याचं घर, तालुक्यातला फॅमिली डॉक्टर, आणि वैद्यकीय प्रयोगशाळेचा विद्यार्थी. तिघांना एका मांडवात बसवायचं तर कुठेतरी कुणाला कंटाळा येणारच. लॅबवरचे लेख रुग्णांनी चाळून पुढे जावं. आयएनआरची वही कशी ठेवावी, प्रवासात सुई कशी न्यावी, दिवस राहिल्याचं कळताच वॉरफरिन बदलण्यासाठी कुणाला आणि किती तातडीने फोन करावा, हे विद्यार्थ्यांनी गाळू नये. रुग्णांनी स्वतः लिहिलेली टिपणंही यात आहेत. काही रागाची आहेत, आणि ती सौम्य केलेली नाहीत. आयुर्वेद, होमिओपथी आणि घरगुती ‘रक्त शुद्ध करणाऱ्या’ काढ्यांवर स्वतंत्र लेख नाही, ही उणीव मला जाणवली. निदान असिट्रॉमवर असलेल्या माणसाने कोणते काढे टाळावेत एवढं पुढच्या आवृत्तीत यायला हवं. मुलांमधल्या एपीएसलाही दोन पानांत गुंडाळलं आहे.

ज्यांच्या हातात रिपोर्ट आहे आणि ज्यांना धीर नाही, त्यांनी पहिल्या पानापासून वाचत बसू नये. आधी रिपोर्टवरची तारीख पाहा. त्या दिवशी हेपारिन, असिट्रॉम किंवा नवी गोळी चालू होती का, महिन्याभरात ताप किंवा ऑपरेशन झालं होतं का, तीन पायऱ्यांपैकी कोणत्या केल्या, सोबतच्या दोन प्रतिपिंडांचे आकडे किती, आणि बारा आठवड्यांनी दुसरी चाचणी झाली का, हे कागदाच्या मागे लिहून काढा. चालू असलेली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका. मग रिपोर्ट वाचण्यावरच्या प्रकरणाकडे वळा. त्यातला तक्ता या पाच उत्तरांवरूनच सुरू होतो.